एक बोल्ट उरला

गॅरेजमध्ये काम करणारा माणूस आणि पांढरा शर्ट ही जोडी मी आयुष्यात एकदाच पाहिली. ती नागोराव मिस्त्रींची. नांदेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं, आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, त्यांचं गॅरेज. सव्वीस वर्षं सकाळी शटर वर केलं की मला पहिलं दर्शन त्या पांढऱ्या शर्टाचं व्हायचं. देवाच्या फोटोचं त्यानंतर.

सुरुवातीला मला वाटायचं, माणूस हौशी असेल. एकदा न राहवून विचारलंच, "मिस्त्री, जगातले सगळे मेकॅनिक काळे-निळे कपडे घालतात. तुम्हीच काय रोज लग्नाला निघाल्यासारखे?"

मिस्त्री नुकतेच एका टेम्पोखालून सरपटत बाहेर आले होते. उठून बसले आणि छाती पुढे काढून मला शर्ट दाखवायला लागले. "काळ्या कपड्याला तेल लागलं तर कळतं का, काउंटर? ह्याला लागलं की कळतं. हे बघा, काळं, म्हंजी इंजिनचं. हे पिवळट, गेरबॉक्सचं. आन् हा हिरवा डाग दिसून राहिला न्हवं, म्हंजी रेडिएटरचं पाणी चाललंय. मी गाडीखालून निघालो की आधी शर्ट बघतो, मग गाडी."

मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. पण नंतर मी स्वतः पाहिलं. ते खरंच शर्ट बघायचे आणि मगच पाना मागायचे. त्यांच्या घरच्या चंद्रकलावहिनींचं ह्या शोधाबद्दलचं मत वेगळं होतं. त्या डबा घेऊन यायच्या तेव्हा ते मत रस्त्याच्या अलीकडे मलाही ऐकू यायचं.

मला ते 'काउंटर' म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण मी काउंटरच्या मागून फारसा उठत नाही ही गोष्ट त्यांना नावापेक्षा महत्त्वाची वाटली असावी. "काय काउंटर, चहा झाला का?" असं ते पलीकडूनच ओरडायचे. झाला म्हटलं तरी चहा यायचाच.

मिस्त्री मूळचे लोहा तालुक्यातले. भावांनी शेती धरली, ह्यांनी पाना धरला. गॅरेजमध्ये त्यांच्या हाताखाली दोन माणसं होती. एक शंकर, चाकूरकडचा, इंजिनातला वाकबगार, बोलायला अगदी कंजूष. दुसरा खाजा, वायरिंगवाला, ज्याला बोलण्यापासून थांबवायला तोंडात पकड धरायला द्यावी लागायची. दोघंही पोरंबाळं असलेली, चाळिशी ओलांडलेली माणसं. दोघंही वीस-बावीस वर्षं तिथंच.

गाडी आली की मिस्त्रींचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "चालवतं कोण?" मालक म्हणायचा, ड्रायव्हर. मग मालकाची रवानगी माझ्या दुकानात. ड्रायव्हरला समोर बसवून मिस्त्री विचारपूस करायचे. कधीपासून आवाज येतोय, चढावर की उतारावर, भरल्या गाडीला की रिकाम्या. इकडं मालक माझ्यासमोर घड्याळ बघून चुळबुळ करायचा आणि मध्येच दारातून ओरडायचा, "मिस्त्री, जरा लवकर!" तिकडून उत्तर यायचं, "निवांत बसा मालक. बंद पडल्याली गाडी कुठं पळून जाती का?"

त्यांची एक गोष्ट तर मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत आलोय. खंडेनवमीचा दिवस होता. त्या दिवशी मिस्त्री सगळी हत्यारं धुऊनपुसून चादरीवर मांडत. खाजा सगळे पाने नंबराप्रमाणे ओळीनं लावून द्यायचा आणि एखादा पाना इकडचा तिकडं झाला तर मिस्त्रींच्याही आधी तोच ओरडायचा. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम. त्या बाबतीत ते फार कडक होते.

आणि नेमकी गॅरेजसमोर येऊन एक जीप बंद पडली. आत आठ-नऊ बायका, लोह्याकडून माहूरला देवीला निघालेल्या. ड्रायव्हर हात जोडून उभा. ॲक्सिलेटरच्या जोडातली पिन कुठंतरी वाटेत पडली होती आणि पेडल पायाखाली नुसतं लोळत होतं. काम पाच मिनिटांचं. पण हत्यारं फुलांखाली झोपलेली.

मिस्त्रींनी कमरेवर हात ठेवून एकदा जीपकडं बघितलं, एकदा पूजेकडं. मग जीपच्या खिडकीशी जाऊन म्हणाले, "मावशी, केसाची पिन आहे का कुणाकडं?"

एक मागितली तर नऊ पिना पुढं आल्या. काही बायकांचे अंबाडे तिथंच सुटले. मिस्त्रींनी त्यातली एक जाड पिन निवडली, बोनेट उघडलं, पिन जोडात सरकवली आणि दोन्ही टोकं नुसत्या बोटांनी वळवून टाकली. गाडी चालू. मी म्हटलं, "मिस्त्री, नियम मोडला की तुमचा!"

"पान्याला हात लावायचा न्हाई, असा नियम हाय," मिस्त्री म्हणाले. "पिनला लावू नये असं कोण म्हणलं?"

त्यातली सगळ्यात म्हातारी बाई पदराची गाठ सोडायला लागली. मिस्त्रींनी तिला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. तिथं गेल्यावर देवीला सांगा, नांदेडला एकजण हाय म्हणून." महिन्याभरानं तो ड्रायव्हर दुसऱ्या कामासाठी आला तेव्हा पिन तशीच होती. मिस्त्री पक्की पिन घालायला निघाले तर तोच नको म्हणाला. देवीला जाऊन आलेली पिन आहे, राहू द्या म्हणाला.

असे दिवस होते. रस्त्यावर एकूण पाच गॅरेजं होती आणि पाचांना पुरून उरेल एवढं काम. मग ते कमी व्हायला लागलं. एका दिवसात नाही, कळू न देता. नव्या गाड्या यायच्या त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जायच्या. तिथं घरून गाडी नेतात, धुऊन परत आणून देतात. पुढं गाड्यांच्या पोटात कॉम्प्युटर आले. बोनेट उघडलं की वर काळं झाकण, आणि काय दुखतंय ते सांगायला यंत्र लागायचं. बॅटरीच्या ऑटो आल्या. त्यांना ना तेल, ना प्लग, ना धूर. पाचातली दोन गॅरेजं गेली. एका जागी मोबाइलची कव्हरं टांगली गेली, दुसरीकडं बिर्याणीचं पातेलं चढलं. तिथला एक चांगला फिटर मंगल कार्यालयाच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभा दिसला तेव्हा मी मान दुसरीकडं वळवली. माझं दुकान तरी कुठं वेगळं होतं? लोक फोनवर पार्ट मागवायचे आणि तो बरोबर आहे का, एवढंच मला विचारायला यायचे.

त्या दिवसांत एक प्राध्यापक नवी गाडी घेऊन मिस्त्रींकडं आले. समोरच्या काट्यांच्या मधला पिवळा दिवा विझत नव्हता. गाडी मात्र नीट चालत होती. शेजारच्या गॅरेजवाल्यानं दिव्यावर काळी टेप लावून देतो म्हणून सांगितलं होतं. मिस्त्री आत बसले, बाहेर आले, पुन्हा बसले. आणि भर रस्त्यात खणखणीत आवाजात म्हणाले, "सर, हे मला येत न्हाई. कंपनीत न्या. आजच न्या."

संध्याकाळी मी चिडूनच त्यांच्याकडं गेलो. महिन्यातून चार गाड्या येतात, आणि हा माणूस दारातच 'येत नाही' म्हणून दवंडी पिटतो! "अहो, एवढ्या मोठ्यानं कशाला सांगायचं?"

"हळू सांगितल्यावर येतं का?" मिस्त्रींनी विचारलं.



काम कमी झालं, पण शंकर आणि खाजा रोज नऊच्या ठोक्याला यायचे. गॅरेज झाडायचे, हत्यारं पुसायचे, बसायचे. सगळ्या रस्त्याला कळत होतं की दोन माणसांचं काम आता तिथं उरलेलं नाही. दोघांतल्या एकाला तरी 'उद्यापासून येऊ नको' म्हणायला हवं, हेही कळत होतं. मी स्वतः एकदा तसं सुचवून बघितलं. तेव्हा मिस्त्रींनी मला त्यांची लातूरची गोष्ट सांगितली.

मिस्त्री उमेदीत असताना लातूरला एका ट्रकच्या गॅरेजात होते. नवीन लग्न, भाड्याची खोली. एक दिवस सकाळी डबा घेऊन कामावर गेले तर मालक दारातच उभा. म्हणाला, उद्यापासून येऊ नको. उद्या कशाला, आजपण नको. मिस्त्री डबा घेऊन मागं फिरले. पण एवढ्या लवकर घरी गेलं तर बायकोला कळणार. म्हणून एका लिंबाखाली बसले, दुपारी तिथंच डबा खाल्ला आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला घरी गेले.

"आठ दिवस तसंच केलं," मिस्त्री म्हणाले. "रोज ती डबा करून द्यायची. रोज इचारायची, आज लई काम होतं का म्हणून. मी म्हणायचो, हाव, लई. नवव्या दिवशी तिनं डब्यात दोन माणसांचं जेवण भरलं आन् म्हणली, चला, मी बी येते लिंबाखाली." ते हसले. मलाही हसू आलं. मग ते म्हणाले, "ते एक वाक्य मला बोलता येत न्हाई, काउंटर. बाकी काय बी सांगा."

त्यामुळं मिस्त्रींनी दुसरी युक्ती काढली. गॅरेजच्या मागं त्यांची स्वतःची जुनी जीप उभी असायची. लिलावात घेतलेली, अगदी धडधाकट. काम नसलं की मिस्त्री जाहीर करायचे, "जीपचं इंजिन जरा जड वाटून राहिलंय. खोला." मग शंकर आणि खाजा ते ठणठणीत इंजिन उतरवायचे, सगळे भाग डिझेलमध्ये धुऊन कापडावर मांडायचे, पुसायचे, पुन्हा जोडायचे. दोन-तीन दिवस निघायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, मिस्त्रींकडं काम जोरात आहे. त्या पावसाळ्यात जीपचं इंजिन किती वेळा उघडलं असेल देव जाणे. तेवढं स्वच्छ इंजिन शोरूममध्येही नसेल.

पण शंकरचा हात फार चलाख होता. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून तीन दिवसांचं काम दीड दिवसात आटपायला लागलं.

एक दिवस सकाळी मिस्त्री माझ्याकडं आले. "दहाचा एक बोल्ट द्या. लांब."

"एकच? कुठं बसवायचाय?" मी विचारलं. बोल्टची लांबी-जाडी त्यावर ठरते, म्हणून विचारावं लागतं.

"कुठं बी न्हाई," मिस्त्री म्हणाले आणि बोल्ट शर्टाच्या खिशात टाकून रस्ता ओलांडून गेले. मी डोकं खाजवलं आणि विसरून गेलो.

दुपारी पलीकडून एकच गलका. इंजिन जोडून झालं होतं आणि ट्रेमध्ये एक बोल्ट उरला होता.

गॅरेजवाल्याला बोल्ट उरणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आतून कुठून तरी तो निघालेला असतो, म्हणजे आत कुठंतरी जागा रिकामी असते. गाडी चालू होईल, चालेलही, पण कधीतरी भर घाटात ती जागा आपला हिशेब मागेल. बोल्ट उरला की सगळं पुन्हा खोलायचं, ह्याला पर्याय नाही. मिस्त्री कपाळावर हात मारून म्हणाले, "बावीस वर्षांत पहिल्यांदा बोल्ट उरला, शंकर! खोला!"

तीन दिवस चाललं. दोघांनी जीप पार नागडी केली. इंजिन झालं, गेरबॉक्स झाला, चाकंसुद्धा उतरवली. खाजा दर तासाला ओरडायचा, "उस्ताद, इत्ते बोल्ट गिने मैं, सपनात बी बोल्टच येतेत!" मिस्त्री गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचे आणि चहा मागवायचे. मी काउंटरवरून सगळं बघत होतो. पहिल्याच दिवशी माझी ट्यूब पेटली होती, कारण तो बोल्ट मीच विकला होता. पण पोटात ठेवलं. मनातून मी त्या माणसाला सलाम केला, इतकं मला ते आवडलं.

चौथ्या दिवशी शंकर ग्रीसचा डबा न्यायला आला. मी उगाच विचारलं, "काय रे, सापडली का बोल्टची जागा?"

शंकरनं एकदा मागं वळून गॅरेजकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "काका, त्या जीपला ह्या आट्याचा बोल्ट लागतच न्हाई."

मी ग्रीसचा डबा काढून काउंटरवर ठेवला. शंकरनं तो जवळ ओढला.

"आन् बोल्ट कोरा होता. चमकून राहिला होता नुसता. एवढ्या जुन्या जीपमधून कोरा बोल्ट कसा निघंल? खाजानं बघितल्या बघितल्या वळखलं."

"मग तीन दिवस काय शोधत होतात रे गाढवांनो?"

शंकर डब्याच्या झाकणाकडं बघत राहिला. "मिस्त्रींनी एवढी मेहनत घेतली. न्हाई शोधला तर त्यांना आमाला, उद्यापासून येऊ नका, म्हणून सांगावं लागलं असतं ना. ते त्यांना जमंना. म्हणून म्हणलं, शोधू."

बावीस वर्षांत शंकर माझ्याशी एवढं कधी बोलला नव्हता. तो गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन विनाकारण खोकी सरकवत बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं ते खोटं कशाला बोलू.

ही गोष्ट मी मिस्त्रींना सांगायला नको होती. पण माझ्या पोटात काही राहत नाही, आणि बोल्टचं गुपित तर चार दिवस राहिलं होतं. संध्याकाळी चहा पिताना सांगून टाकली. मिस्त्रींचा कप ओठांशीच थांबला. मला वाटलं, आता काही खरं नाही. आणि पुढच्या क्षणाला ते एवढ्या जोरात हसले की चहा शर्टावर सांडला.

"कोरा बोल्ट! आरं देवा! तेलात बुचकळायला इसरलो की!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मग पुसतच राहिले. "म्हंजी मी त्यांना फसवून राहिलो, आन् ते मला. आन् जीप बिचारी कामून मरून राहिली मधल्या मधे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद आणि पेन घेऊन माझ्याकडं आले. "तुमचं अक्षर चांगलं हाय. लातूरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात माणसं पाहिजेत म्हणतेत. चाकूरहून शंकरला जवळ पडल. त्याच्या अनुभवाचं पत्र लिवा."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. त्यांना कागदावरची भाषा कागदासारखी हवी होती. "सदर इसम शंकर हा माझ्याकडे बावीस वर्षे कामास होता. इंजिन डोळे झाकून खोलतो, परंतु त्याने डोळे झाकू नयेत असे माझे मत आहे. न विचारता रजा घेत नाही, विचारून बऱ्याच घेतल्या. कमी बोलतो, त्यामुळे हुशार आहे हे उशिरा कळते, तरी धीर धरावा."

शेवटी काम सोडण्याचं कारण लिहायचं होतं. मी म्हटलं, "वैयक्तिक अडचण लिहू?"

"त्याला कसली अडचण? खोटं कामून लिवायचं?" मिस्त्रींनी जरा विचार केला. "लिवा, माणूस मोठा, गॅरेज लहान पडलं."

लातूरला माझी मुलगी असते, म्हणून मिस्त्री शंकरला घेऊन निघाले तेव्हा मीही त्यांच्याबरोबर एसटीनं निघालो. निघताना शंकरच्या बायकोनं तिघांना पुरतील एवढ्या दशम्या दिल्या होत्या. शंकर खिडकीशी बसून एकही अक्षर बोलला नाही. चाकूर आलं तेव्हा मात्र त्यानं मिस्त्रींना बोट दाखवून आपल्या गावाकडची वाट दाखवली, जशी काही ती त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

सर्व्हिस सेंटरची फरशी देवळासारखी पांढरीशुभ्र होती. मिस्त्रींनी दारातच चपला काढल्या. आतला एक मुलगा म्हणाला, "काका, घाला, चालतंय." मिस्त्री म्हणाले, "तुमाला चालत असंल." आणि अनवाणी आत गेले. मॅनेजर म्हणून एक तरुण मुलगी होती, उदगीरकडची, इंजिनियर झालेली. तिनं पत्र वाचलं आणि मध्येच फिसकन हसली. शेवटची ओळ वाचली तेव्हा हसू थांबलं. पत्र घडी करून तिनं टेबलाच्या खणात ठेवलं.

"वय जरा जास्त आहे," ती शंकरला म्हणाली. "कॉम्प्युटर शिकावा लागेल. शिकाल?"

शंकरनं मान हलवली. मिस्त्री लगबगीनं म्हणाले, "त्यानं मान हलवली म्हंजी दुसऱ्यानं शपथ घेतल्यासारखं धरा, म्याडम."

महिनाभर बघू, असं ठरलं. मग तिनं मिस्त्रींकडं वळून विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हाला नाही करायचा अर्ज?"

"मी पोचवाया आलोय," मिस्त्री म्हणाले.

शंकर तिथंच थांबला. आम्ही दोघं बाहेर आलो. फाटकापर्यंत मिस्त्री ताठ चालले आणि तिथं चपला घालताना त्यांना उजवा-डावा पाय कळेना. दोनदा उलट्या घातल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "डोळ्यात काहीतरी गेलंय." मी म्हटलं, "माझ्याही." मग दोघांनी समोरच्या हॉटेलात भजी खाल्ली आणि बरं वाटलं. शंकर त्या महिन्यानंतर कायम झाला. कॉम्प्युटर त्याला लवकर जमला, आणि का जमणार नाही? कॉम्प्युटरला त्याच्यासारखंच बोलायला आवडत नाही.

राहिला खाजा. त्याला पोचवायची गरजच पडली नाही. त्याच्या मेहुण्यानं बॅटरीची ऑटो घेतली होती आणि ती सारखी बंद पडायची. खाजानं ती गॅरेजात आणली आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून, वायर वायर बोटानं चाचपत, आठ दिवसांत बरी केली. मेहुण्यानं चार ऑटोवाल्यांना सांगितलं, चौघांनी आणखी चौघांना. एका सकाळी मी शटर वर केलं तर गॅरेजसमोर बॅटरीच्या सहा ऑटो ओळीनं उभ्या. मागची जीप मात्र दिसेना. मिस्त्रींनी ती देऊन टाकली होती आणि त्या जागी बॅटऱ्या तपासायचं यंत्र आणून बसवलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "सारखी उघडून उघडून तिला बी कटाळा आला असंल."

म्हणजे दोघांचीही सोय लागली. प्रश्न उरला तो मिस्त्रींचाच. चाळीस वर्षं इंजिनात घातलेला माणूस, आणि समोर अशा गाड्या, ज्यांना इंजिनच नाही. मला त्यांची फार काळजी वाटायला लागली. गावाकडं भावांत जाऊन बसतील, खाटेवर पडून झिजतील, असं काहीबाही मनात यायचं. पण विचारायचा धीर झाला नाही, कारण माझ्याही दुकानाचं शटर आता वरचेवर अर्ध्यावर असायचं. शेवटी मी दुकान बंद करून लातूरला मुलीकडं जायचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी उरलासुरला माल खोक्यांत भरला, देवाचा फोटो काढून पिशवीत घेतला आणि निरोप घ्यायला रस्ता ओलांडून गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. खाजा एका ऑटोची सीट काढून तिच्या पोटात डोकं घालून बसला होता. त्याच्यासमोर जमिनीवर, मांडी घालून, मिस्त्री. मांडीवर शाळेतल्या पोराची असते तशी वही, डोळ्यांवर चष्मा, कानावर पेन्सिल. खाजा आतून सांगत होता, "लाल म्हंजे इधर, काळी तिधर, और ये पिवळीला पुछे बिगर हात नक्को." आणि मिस्त्री एकेक शब्द वहीत उतरवून घेत होते. पिवळीखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली.

मी तिथंच उभा राहिलो. हाक मारवली नाही. तेवढ्यात लोह्याकडचा एकजण नवी कोरी ऑटो घेऊन आला. उतरला आणि त्यातल्या त्यात वयानं मोठा माणूस बघून मिस्त्रींसमोर वाकला. "मिस्त्री, जरा बघता का? चढावर दमच धरून न्हाई राहिली."

मिस्त्रींनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं आणि पेन्सिलीनं खाजाकडं बोट केलं. "मिस्त्री ते. मी शिकाऊ हाय. दोनच महिने झाले."

खाजा ताडकन ऑटोच्या पोटातून बाहेर आला. त्याचे दोन्ही हात काळे होते आणि ते त्यानं तसेच जोडले. "उस्ताद, ऐसा नक्को ना बोलू..."

"गप," नागोराव मिस्त्री म्हणाले आणि वहीचं पान उलटलं. "गिऱ्हाईक उभं हाय."